खाजकुइलीची कमान

आमच्या कॉलनीतल्या सतरा सवाष्णी आणि एक नवी नवरी यांना मी एकाच संध्याकाळी, एकाच खोलीत, अंगाची सालं निघेपर्यंत खाजवायला लावलं आहे. मुद्दाम नाही. हे मी गेली कित्येक वर्षं सांगते आहे आणि गेली कित्येक वर्षं ते कोणीही मानत नाही.

गंगापूर रोडला तेव्हा बंगल्यांपेक्षा द्राक्षबागा जास्त होत्या आणि केबल नुकती आली होती. आमचे दोन बंगले शेजारी शेजारी, मधे एक भिंत आणि भिंतीत एक छोटं फाटक. पलीकडे माझे दीर आणि धाकटी जाऊ सुलभा. अलीकडे मी, आणि माझी बाग. आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा बंगलोरला. तो दर रविवारी फोन करायचा आणि "काय करतेस?" असं विचारायचा. मी "काही नाही" म्हणायची, तो "बरं" म्हणायचा. उरलेले सहा दिवस मी झाडांशी बोलायची. (झाडं निदान "बरं" म्हणून फोन ठेवत नाहीत.)

त्या वर्षी सुलभाच्या नव्या सुनेची, मंजिरीची, पहिली संक्रांत होती. पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवून, हलव्याचे दागिने घालून बसवतात आणि बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. आठ दिवस आधी सुलभा फाटकातून आली.

"वहिनी, मंजिरीच्या खुर्चीमागे कमान हवी. झेंडूबिंडू नको, काहीतरी वेगळं. तुमचा हात चांगला आहे, तुम्हीच करा."

"करते की."

"चारपर्यंत आटपेल ना? बायका पाचला येतील."

सुलभा वाईट नाही. मी विधवा झाल्यापासून तिने मला हळदीकुंकवाला येऊ नका असं एकदाही म्हटलेलं नाही. ती फक्त वेळ सांगते.

मीही कधी काही म्हटलं नाही. पण खरं सांगायचं तर मला यायचं होतं. कुंकू नको, वाण नको, पुढच्या खोलीत कोपऱ्यात बसून चार बायकांच्या गप्पा ऐकायच्या होत्या. ते काही तोंडातून निघेना. म्हणून मी ठरवलं की कमानच अशी करायची, की बायकांनी म्हणावं, "ही केली कोणी? बोलवा त्यांना." तीन वर्षांत माझ्या डोक्यात आलेली ही सर्वांत मोठी योजना. इथूनच सगळं बिघडलं.

संक्रांतीच्या दिवशी पहाटे सहाला मी बागेत उतरले. नाशिकची जानेवारीची थंडी. अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, डोक्याला ह्यांची कानटोपी, हातात ह्यांचेच लोकरीचे हातमोजे. (हे हातमोजे लक्षात ठेवा.) आंब्याच्या डहाळ्या घेतल्या, आमच्या बोरीची बोरं देठांसकट घेतली, अंबाडीची लाल बोंडं, तुळशीच्या मंजिऱ्या, वाफ्यात लावलेल्या गव्हाच्या हिरव्या ओंब्या. सगळं छान होतं, पण वेगळं नव्हतं. आणि मग मागच्या कुंपणावर मला त्या शेंगा दिसल्या.

हे गेल्यापासून मागचं कुंपण मी पाहिलंच नव्हतं. ती बाजू त्यांची. तिथे आपोआप एक वेल चढला होता आणि त्याला घोसच्या घोस लागले होते. इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या, सोनेरी तपकिरी, अगदी मखमलीच्या शेंगा. दवाने ओल्या. माझं माहेर भद्रकालीतलं, भर वस्तीतलं. वेल म्हणजे जाई, जुई आणि दुधी, एवढंच माझं शिक्षण. पण कॉलनीत झाडांतली जाणकार म्हणून नाव होतं, त्यामुळे मला कोणाला काही विचारायची सवय नव्हती. चांगले तीस-पस्तीस घोस मी कापले.

दुपारी कमान उभी राहिली. खाली बोरं आणि बोंडं, बाजूंना डहाळ्या आणि ओंब्या, आणि वर, बरोबर नवरीच्या डोक्यावर, मखमली शेंगांची झालर. कोमेजू नये म्हणून मी दर अर्ध्या तासाने पाणी शिंपडत होते. सुलभा बघतच राहिली.

"वहिनी, ह्या कसल्या शेंगा?"

"रानातल्या आहेत," मी तज्ज्ञासारखी म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

बोरीचे काटे लागू नयेत म्हणून दिवसभर घातलेले हातमोजे मी चार वाजता काढले आणि फाटकातून घरी आले. पाच वाजता पलीकडे बांगड्या वाजायला लागल्या. मी टीव्ही लावला, बंद केला. चहा ठेवला, प्यायला विसरले. शेवटी लाज गुंडाळून ठेवून मी एक बादली घेतली, भिंतीपाशी पालथी घातली आणि तिच्यावर चढले. माझी कमान कोणी वाखाणते का, एवढंच ऐकायचं होतं.

सुलभाच्या खिडकीतून पुढची खोली पूर्ण दिसत होती. सतरा जणी, सगळ्या काठापदराच्या साड्यांत, आणि खोली एवढीशी. गरम व्हायला लागलं असणार, कारण सुलभाने टेबलफॅन आणला. फोटोत दिसू नये म्हणून तो तिने कमानीच्या मागे ठेवला आणि बटण दाबलं. (ही चूक माझी नाही, याची नोंद व्हावी.) पाणी शिंपडणारी मी तर तासापूर्वीच घरी गेले होते. शेंगा आता खडखडीत वाळल्या होत्या.

आधी समोरच्या कुलकर्णीबाईंनी मान खाजवली. मग दोघीतिघींनी दंड. मग एकजण एकदम उभी राहिली आणि पाठ दाराच्या चौकटीला घासू लागली. पाच मिनिटांत सगळ्याच उभ्या राहून अंग हलवत होत्या, एकमेकींच्या पाठीला हात लावत होत्या, ओरडत होत्या. हळदीकुंकवात हल्ली खेळ घेतात, हे मी ऐकून होते. मला वाटलं, हा नवीन खेळ आहे. आणि काय सांगू, मला असा हेवा वाटला त्यांचा! बादलीवर उभी राहून डोळ्यांत पाणी आलं माझ्या. किती मजा करतात या, आणि आपण भिंतीच्या अलीकडे.

तेवढ्यात पलीकडे हौसाबाईचा आवाज आला. हौसाबाई पेठ तालुक्याकडची, आमच्या दोन्ही घरी भांडी घासायची. कपबश्या न्यायला ती आत आली आणि कमानीसमोर थबकली.

"ह्या शेंगा कोनी लावल्या?"

"वहिनींनी," सुलभा खाजवत म्हणाली.

"आवं, ही खाजकुइली हाय. हिची केसावानी कुसं उडत्यात. पंखा बंद करा आदी!"

मी बादलीवरून पडले नाही, उतरले. सुलभा म्हणते पडले.

"पाणी! पाणी द्या कोणीतरी!" बायका ओरडत होत्या. सुलभाच्या नळाने एक गुळणी टाकली आणि तो गप्प झाला. टाकी सकाळपासूनच्या पाहुण्यांनी संपवली होती. कॉलनीत भरलेला हौद एकच, माझ्या बागेतला. मी फाटक उघडलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सगळं हळदीकुंकू माझ्या अंगणात आलं.

"नुसत्या पान्यानं जायाचं नाय," हौसाबाई म्हणाली. "शेन लावा. वाळलं का कुसं त्याच्यासंगं निघत्यात."

कॉलनीमागच्या एका गोठ्यातून ती दोन घमेली घेऊन आली. बँक मॅनेजरच्या बायकोने, जिच्या घरी पायपुसणंसुद्धा इस्त्रीचं असतं, सगळ्यांत आधी कोपरापर्यंत हात घातला. मंजिरीच्या गळ्यातल्या हलव्याच्या हाराला घाम लागून तो विरघळत होता आणि त्यावरून शेण. पहिल्या संक्रांतीचा फोटो म्हणून तिच्या माहेरी ह्याच अवतारातला गेला.

आता अंगावरच्या साड्या बदलणं आलं, कारण कुसं त्यांतही होती. माझ्या कपाटातल्या फिकट साड्या मंजिरीसकट दहा जणींना पुरल्या. उरलेल्यांचं काय? मी आतल्या खोलीत गेले आणि ह्यांची ट्रंक उघडली. तीन वर्षं ती उघडायचा धीर झाला नव्हता. आठ शर्ट काढून दिले. कुलकर्णीबाईंना चेक्सचा फार शोभला.

मग चहा केला. घरातले सगळे कप एकदम बाहेर आले, कान तुटलेलेसुद्धा. अंगणात निम्म्या बायका माझ्या साड्यांत, निम्म्या ह्यांच्या शर्टांत, हाताला शेण, आणि गप्पा अशा रंगल्या की सात वाजले तरी कोणी उठेना. मंजिरी माझ्या फिकट निळ्या साडीत पायरीवर बसून इतकी हसत होती की तिला ठसका लागला. मला त्यांच्यासमोर फार लाज वाटत होती आणि फार बरंही वाटत होतं. बरं जास्त.

"खरं सांगा," जाताना कुलकर्णीबाईंनी हळूच विचारलं, "बोलावलं नाही म्हणून केलंत ना?"

"अहो, शपथ, मला माहीतच नव्हतं."

"मग तुम्हाला कशी नाही खाज सुटली?"

मी हातमोज्यांचं सांगितलं. त्याने प्रकरण अजूनच बिघडलं.

पुढच्या वर्षी संक्रांतीच्या आधी सुलभा पुन्हा फाटकातून आली. तिची नजर माझ्या मागे, कुंपणाकडे होती.

"वहिनी, यंदा कमान मंडपवाल्याकडून आणतेय. कागदी."

"बरं," मी म्हणाले.

"आणि तुम्ही पाचला या."

"चारला?"

"पाचला. पुढच्या खोलीत, माझ्या शेजारी बसायचं. डोळ्यांसमोर असलात की बरं."

मी गेले. येता-जाता तिघींनी माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं. मंजिरीने पहिला तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि कानात म्हणाली, "काकू, कमान बघितलीत? अगदीच मिळमिळीत आहे."

तेव्हापासून दर संक्रांतीला मला पाचचं बोलावणं असतं, सुलभाच्या शेजारची खुर्ची ठरलेली. दरवर्षी ती आधी एकदा येऊन विचारते, "वहिनी, तो वेल आहे का हो अजून?" हौसाबाईने तो त्याच आठवड्यात मुळासकट उपटून टाकला होता. पण सुलभाने विचारलं की मी कुंपणाकडे बघते, जरा विचार करते आणि म्हणते, "यंदा जोरात आहे."