दाखल्यावरचं उत्पन्न

बारामतीत एसटी स्टँडच्या मागं माझं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. ॲडमिशन सुरू झाल्या, की शिष्यवृत्ती आणि एज्युकेशन लोनवाल्यांची रांग पार वडापावच्या गाड्यापर्यंत जाते. अर्ज भरून झाला की माणसं निघून जातात, त्यांच्या भानगडी मात्र माझ्या डोक्यात राहतात. घरी सांगायला गेलं की नवरा म्हणतो, "जेवताना नको!" म्हणून तुम्हाला सांगते.

*

माळेगावचा सागर. बारावीनंतर त्याचं एक वर्ष कॉलेज सुटलेलं, म्हणून गॅपचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. त्याचा मजकूर ठरलेला असतो. मी वाचून दाखवला, "या वर्षात मी कोणतेही शिक्षण घेतले नसून घरीच होतो."

सागरचे वडील ताडकन उठले. "घरीच? अवो, सबंद सीझन पोरानं कारखान्यावर ऊस वाहिला! माझं आपरेशन त्याच्या पैशावर झालं!"

"काका, तसं लिहिलं तर नोकरीचे कागद मागतील. कुठून आणणार?"

सागरनं सही केली. काका खाली बसले. "लिवा मग. घरीच हुता!"

*

एका आजींच्या नातवाला लोनसाठी जामीनदार पाहिजे होता. आजी माझ्याच बाकावर बसून नातेवाइकांना फोन लावत होत्या. एक उचलेना, दुसऱ्याचा बंद, तिसरा म्हणाला, "आवाज येत न्हाय."

आजींनी फोन पदरात गुंडाळला. "जत्रेच्या मटणाला बरोब्बर आवाज आला हुता मुडद्यांना!"

*

लासुर्ण्याची अश्विनी मात्र माझी लाडकी. तिला नर्सिंग करायचं होतं. वडील नामदेवतात्या. आज्यानं मेंढरं राखली, तात्या एमआयडीसीतल्या डेअरीत दुधाचे क्रेट उचलतात. बापलेकीचं ठरलेलं होतं: शिष्यवृत्ती मिळाली तर नर्सिंग, नाही तर दिवाळीनंतर लग्न. त्यामुळं पोरगी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडं बघत राहायची. "ताई, नीट भरा हां!"

तिच्या आधारला नंबर चुलत्याचा. कार्ड काढलं तेव्हा वस्तीवर तेवढाच एक फोन होता. आता बांधावरून दोन्ही भावांचं बोलणं बंद! अश्विनीनं ओटीपी विचारला, की चुलता आधी म्हणणार, "बापाला सांग, बांध मागं घे." तोवर ओटीपीची मुदत संपायची. पुन्हा फोन, पुन्हा बांध! शेवटी मीच फोन हिसकावला. "अहो, घ्या तो बांध तुम्हाला, पण आकडा सांगा!"

"बांध देणाऱ्या तुमी कोण?" म्हणून त्यांनी फोन कट केला. दुसऱ्या दिवशी चुलतीनं गुपचूप आकडा सांगितला, तेव्हा अर्ज पुढं सरकला.

*

शिष्यवृत्ती नाहीच मिळाली तर लोन असावं, म्हणून तात्या बँकेतही जाऊन आले. साहेब म्हणाले, "उत्पन्न फारच कमी आहे. हप्ते कसे भरणार? जास्त काही दाखवता येतं का बघा."

मी म्हटलं, "तात्या, तसलं काही करू नका! शिष्यवृत्तीला आठ लाखांच्या आतच लागतं."

तात्यांनी टोपी काढून घाम पुसला. "ताई, मी गरीब हाय का सावकार, ते तुमी सगळ्यांनी मिळून एकदाच ठरवा!"

*

उत्पन्नाच्या दाखल्याचा जबाब घ्यायला तलाठी त्यांच्या वस्तीवर गेले, आणि नेमके त्याच वेळी अश्विनीला बघायला पावणे आलेले! "नुसतं बघून जात्यात, कबूल कुठं केलंय," म्हणून तात्यांनीच बोलावलेले. पोहे चालू होते. तलाठ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तात्या, वर्षाचं उत्पन्न किती?"

समोर पोराचा बाप, मामा, गावचे दोघंतिघं. तात्या बोलून गेले, "असंल की धा लाख!"

तलाठ्यांनी लिहून घेतलं. तात्यांनी सही केली. पावण्यांनी तिथंच सुपारी फोडली.

हे सगळं तात्यांनी मला दुकानात येऊन सांगितलं. मागं अश्विनी उभी होती. मला इतका संताप आला! "तात्या, अहो, दीड लाख तरी मिळतात का वर्षाला? आत्ताच्या आत्ता जा आणि जबाब बदलून या!"

"कसं जाऊ? गावभर व्हईल. सोयरीक मोडंल." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "पावणं चांगलं हायेत, ताई. लग्नानंतर शिकीवतो म्हणल्यात. तवा भरा तिचा अर्ज."

 अश्विनीनं मला विचारलं, "ताई, लग्नानंतर उत्पन्न कुणाचं धरत्यात?"

"सासरचं," मी म्हटलं.

ती बापाकडं वळली. "तात्या, त्या दिवशी बैठकीत पावण्यांनी त्यांचं किती सांगितलं?"

तात्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"बारा," ते म्हणाले.