कुरुंदवाडकरांचे चाळीस पाइंट

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या भाजीवाल्यांना पुरुषोत्तम कुरुंदवाडकर हे नाव सांगून काही उपयोग नव्हता. "काट्याकडे बघणारे अंकल" म्हटलं की मात्र सगळे ओळखायचे. भेंडी पिशवीत पडेपर्यंत या गृहस्थांची नजर वजनकाट्यावरून हलत नसे. पावाच्या पाकिटातल्या स्लाइस ते घरी येऊन मोजत. गॅसचा मीटर वाचायला माणूस आला, की त्याच्या ओळखपत्रावरचा फोटो आणि त्याचं तोंड यांची इतका वेळ तुलना चाले, की तो बिचारा शेवटी स्वतःच फोटोकडे बघायला लागे.

स्वभाव उपजत असतो म्हणतात, पण यांचा निदान अर्धा तरी कमावलेला होता. विसाव्या वर्षी मिरजेजवळच्या एका दूध संकलन केंद्रावर त्यांना पहिली नोकरी लागली. काम एकच, दुधात लॅक्टोमीटर सोडायचा आणि पाणी पकडायचं. ती काचेची कांडी दुधात जरा जास्त बुडाली, की समजायचं गवळ्याने हात मारलाय. पुढे एकाहत्तर साली ते इंग्लंडला आले आणि लेस्टरच्या एका होजिअरीच्या कारखान्यात तपासनीस म्हणून चिकटले. तीस वर्षं रोज हजारो मोज्यांत हात घालून सुटलेला टाका शोधला. ज्याने जन्मभर भोकंच शोधली, त्याला धड मोजा दिसला तर चैन पडेल कसं?

कारखान्यातल्या मित्रांबरोबर दर शुक्रवारी पबमध्ये एक पाइंट, म्हणजे मोठा ग्लासभर बिअर, एवढंच त्यांचं व्यसन. कारखाना बंद पडला, मित्र पांगले, पबचा मालक बदलला. नवा मालक ग्लासात बिअर कमी आणि फेस जास्त देतो, असा यांना संशय आला आणि त्यांनी पबचं तोंड बघणं सोडलं. शुक्रवारी संध्याकाळी ते टीव्हीसमोर बसायचे आणि बातम्या सांगणाऱ्या बाईवर संशय घ्यायचे. अरुणाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, त्याला औषध नाही."

दोन हजार सहाचा मार्च. त्यांची एकुलती एक मुलगी वैभवी ब्रिस्टलला राहत होती आणि तिला सातवा महिना लागला होता. तिचा नवरा गिरीश मूळचा नागपूरचा, कॉम्प्युटरवाला. त्याला लेस्टरच्या एका हॉस्पिटलात सहा आठवड्यांचं काम मिळालं. सोमवार ते गुरुवार त्याने सासुरवाडीला राहायचं, असं ठरलं. वैभवीचा जन्म लेस्टरचा, मराठी घरापुरतं. तिने वडिलांना फोनवर बजावलं.

"बाबा, बाळ झाल्यावर मी सव्वा महिना तिकडे येणार आहे, आईला प्रॉमिस केला आहे. पण गिरीशला चेक नाही करायचं. तो तुमचं जावई आहे, सस्पेक्ट नाही. मागच्या वेळी तुम्ही त्याचा पेस्लिप बघायला मागितला, ते मी विसरली नाही. परत असं काही केलं तर मी येणार नाही. आय मीन इट."

पुरुषोत्तमरावांना धडकी भरली. नातवंड आपल्या घरात सव्वा महिना राहणार, या एका गोष्टीवर ते गेले चार महिने जगत होते. अरुणाबाईंनी डिंक आणि खारीक आणून ठेवली होती आणि ती किलोभर आहे की नाही हे यांनी तपासूनही झालं होतं. त्यांनी वैभवीला शब्द दिला.

पहिल्याच सोमवारी गिरीश आला तो हातात भलामोठा खोका घेऊन. मिठाई नाही, फळं नाही. खोक्यात घरी बिअर करायचं सामान. झाकणाची प्लास्टिकची पांढरी बादली, काळ्या घट्ट पाकाचा डबा, यीस्टची पुडी, लांब चमचा, नळी, आणि झाकणाच्या भोकात बसवायची पाण्याची एक वाकडी नळकांडी, जिच्यातून आतली हवा बाहेर पडेल पण बाहेरची आत येणार नाही.

"बाबा, तुमच्यासाठी आहे. बिगिनर्स किट," गिरीश म्हणाला. "एका डब्यात चाळीस पाइंट होतात."

"एका डब्यात?" पुरुषोत्तमरावांनी डबा उचलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. वजन बरोबर निघालं. त्याने त्यांचा संशय उलट वाढला.

जावई सासऱ्याला दारू गाळायचं सामान का आणून देईल? त्यांच्या हिशेबी उत्तर सरळ होतं. स्वतःची सोय. ब्रिस्टलला बायको गरोदर, तिथे घरात प्यायला मिळत नसणार, म्हणून आठवड्याचे चार दिवस इथे बादली तयार. ताकाला जाऊन भांडं लपवतोय लेकाचा. पण शब्द दिलेला होता, ते गप्प राहिले.

दोघांनी मिळून बादली निर्जंतुक केली, पाक गरम पाण्यात विरघळवला, किलोभर साखर ओतली, खुणेपर्यंत गार पाणी भरलं आणि वर यीस्ट भुरभुरलं. सगळ्यात शेवटी गिरीशने खोक्याच्या तळातून एक काचेची कांडी काढली, आणि पुरुषोत्तमरावांचा चेहरा उजळला. लॅक्टोमीटरचीच सख्खी बहीण. तिला इथे हायड्रोमीटर म्हणत होते इतकंच.

"ही कशी वापरायची ते पत्रकात दिलंय," गिरीश म्हणाला.

"गिरीशराव, हे मला शिकवू नका. तुमचे वडील शाळेत होते तेव्हापासून मी ही कांडी हातात धरतोय." पत्रक त्यांनी घडी करून ड्रॉवरमध्ये टाकलं. साध्या पाण्यात कांडी हजारच्या रेघेवर थांबली. बादलीतल्या रसात ती थांबली एक हजार चाळीसवर. त्यांनी तो आकडा वहीत लिहिला.

बादली ठेवली एअरिंग कपबोर्डमध्ये. गरम पाण्याच्या टाकीमुळे घरातलं तेच एक उबदार कपाट, आणि अरुणाबाईंचं दही आणि इडलीचं पीठ गेली पस्तीस वर्षं तिथेच होत आलेलं. त्यांनी नाक मुरडून दह्याचं पातेलं एका बाजूला सरकवलं.

मंगळवारी संध्याकाळी नळकांडीत बुडबुडे गुडगुडत होते. पुरुषोत्तमरावांनी झाकण उघडलं, फेस बाजूला करून पेलाभर रस काढला आणि कांडी सोडली. एक हजार बत्तीस. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बत्तीसच.

कांडी जास्त बुडाली होती. म्हणजे रस पातळ झाला होता. म्हणजे पाणी. मिरजेला असताना हेच तर रोज बघितलं होतं, गवळी दोन लिटर दूध काढून घ्यायचा आणि दोन लिटर पाणी ओतायचा, घागर काठोकाठची काठोकाठ. त्यांनी पेल्यातला रस परत बादलीत ओतला, बाहेरच्या बाजूला पेन्सिलने बारीक खूण केली आणि बुधवारी परत बघितलं. पातळी खुणेवर, कांडी एक हजार बावीसवर. चोर हुशार होता. जेवढं काढत होता तेवढंच पाणी बिनचूक घालत होता.

"अगं, आज दुपारी या कपाटाशी कोण आलं होतं?"

"मी. दही बघायला. आणि कोण येणार?" अरुणाबाई म्हणाल्या. त्यांना सगळा प्रकार ऐकवल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, दुधाचं दही झाल्यावर त्यात कधी तुमचा मीटर घातला होता का? त्यात यीस्ट घातलंय. ते आत काही तरी करत असेलच की."

बायको इतकं शहाण्यासारखं बोलली, पण पालथ्या घड्यावर पाणी. उलट तिचीही जावयाला फूस आहे की काय, अशी पाल त्यांच्या मनात चुकचुकली. त्या रात्री त्यांनी झाकणाच्या कडेला चार ठिकाणी चिकटपट्टी लावून प्रत्येक पट्टीवर सही केली. गुरुवारी सह्या शाबूत होत्या आणि कांडी एक हजार चौदावर. आता दुसरा कोणी असता तर त्याला आपल्याच तर्काची शंका आली असती. यांनी झाकणाच्या भोकाकडे बघितलं. नळकांडी उपसून त्यातून स्ट्रॉ घालता येते, आणि पाणीही ओतता येतं.

गुरुवारी जेवताना अरुणाबाईंनी वरणभात वाढला आणि पुरुषोत्तमरावांनी मुलीला दिलेला शब्द मोडला.

"गिरीशराव, एक विचारतो, राग मानू नका. घ्यायचीच होती तर मागून घ्यायची. मी नाही म्हटलं असतं का? पण रोज काढून वर पाणी ओतणं बरं नाही. मी दुधातला माणूस आहे. मला हजार चाळीस आणि हजार चौदा यातला फरक कळतो."

गिरीशचा घास हातातच राहिला. आपल्यावर काय आरोप झालाय हे समजायला त्याला थोडा वेळ लागला. मग तो उठला, हात धुतले, ड्रॉवरमधलं पत्रक काढलं आणि सासऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"बाबा, साखर जड असते. यीस्ट ती खातं, तिची अल्कोहोल होते, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकी. आकडा रोज उतरायलाच पाहिजे. दोन दिवस एकाच ठिकाणी थांबला की बाटल्या भरायच्या. पहिल्याच पानावर आहे." त्याचा आवाज चढला नव्हता. "आणि मी पीत नाही. कधीच प्यायलो नाही. वैभवी म्हणाली, बाबांनी पबमध्ये जाणं सोडलंय, त्यांना कुणाचा भरवसा वाटत नाही. म्हटलं, स्वतःच्या हातच्या बिअरवर तरी त्यांचा विश्वास बसेल."

अरुणाबाई डोळ्याला पदर लावून आत गेल्या. लग्नात, दिवाळीत, ख्रिसमसला या मुलाच्या हातात नेहमी संत्र्याचा रस असायचा, हे पुरुषोत्तमरावांना आत्ता आठवलं. पेस्लिप बघायला मागणाऱ्या माणसाने एवढी गोष्ट कधी बघितली नव्हती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ भीती.

दुसऱ्या दिवशी गिरीश नमस्कार करून ब्रिस्टलला गेला. सोमवारी आला नाही. हॉस्पिटलजवळच्या एका बी अँड बीमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये राहतोय, असा अरुणाबाईंना त्याचा फोन आला. अरुणाबाईंनी तेवढं सांगितलं आणि बोलणं बंद केलं. वैभवीचा एरवी दर रविवारी येणारा फोन आला नव्हता. झालं तर. जावयाने जाऊन सगळं ओतलं असणार, वर चार पदरचं घातलं असणार. पोरगी आता येत नाही. ते मंगळवारपर्यंत कसेबसे थांबले आणि स्वतःच फोन लावला.

"वैभवी, त्याने तुला काय सांगितलं ते मला माहीत आहे. पण माझीही बाजू ऐक. कांडी उतरत होती, मी पत्रक वाचलं नव्हतं, एवढीच माझी चूक. चोरी केली असं मी म्हटलं नाही. मागून घ्यायची असं म्हटलं."

वैभवीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, गिरीशने मला काहीच नाही सांगितला. तो म्हणाला लेट शिफ्ट आहे, म्हणून बी अँड बी. संडेला मी फोन नाही केला कारण मी झोपली होती, पाय सुजले होते." मग तिने विचारलं, "तुम्ही त्याला चोर म्हटलं?"

आणि फोन बंद झाला. रिसीव्हर हातात घेऊन पुरुषोत्तमराव जिन्याच्या पायरीवर बसले. जावयाने झाकून नेलेली गोष्ट त्यांनी स्वतःच्या तोंडाने उघडी केली होती. सासष्ट वर्षांचा माणूस लहान पोरासारखा रडला. अरुणाबाई बाहेर आल्या, शेजारी बसल्या, पण समजूत काढली नाही. काढण्यासारखं काही नव्हतं.

बादली कपाटात तशीच होती. बुधवारी कांडी एक हजार आठवर होती, गुरुवारीही आठवर. संध्याकाळी त्यांनी गिरीशला फोन केला. "गिरीशराव, माझं चुकलं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून याआधी अरुणाबाईंनीसुद्धा ऐकलं नव्हतं. "आकडा थांबलाय. बाटल्या भरायला दोन माणसं लागतात असं पत्रकात आहे. आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी तुमचा दोष नाही."

शनिवारी सकाळी दारात गिरीश उभा होता. ब्रिस्टलहून गाडी चालवत आलेला, एकटाच.

पुरुषोत्तमरावांच्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली. स्वतःहून आला, की तिने पाठवला? एकटाच का? ती काय म्हणाली? येणार आहे की नाही? यातला एकही प्रश्न त्यांच्या लेखी फालतू नव्हता. त्यांनी दार पूर्ण उघडलं, "या" म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले.

बादली स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढवली. गिरीशने नळी धरली, पुरुषोत्तमरावांनी प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर घालून ती नळीखाली धरायची, भरली की झाकण पिळायचं. दहा बाटल्या झाल्या, वीस झाल्या. दोघं बोलले ते साखर, बाटली आणि फडक्याबद्दल. तिसाव्या बाटलीला तर प्रश्न दातांपर्यंत आला. त्यांनी ओठ मिटून झाकण पिळलं आणि ते घट्ट बसलंय का हे न बघता बाटली बाजूला ठेवली.

शेवटची बाटली अर्धीच भरली. गिरीशने नळी बादलीत सोडली, फडक्याला हात पुसले आणि पहिल्यांदा सासऱ्यांकडे सरळ बघितलं.

"वैभवीचा निरोप आहे. बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही, तरच द्यायचा, नाहीतर बाटल्या भरून तसाच परत ये, असं म्हणाली होती. बाळाचा पाळणा मागच्या खोलीत लावा म्हणाली. पुढच्या खोलीत रस्त्याचा आवाज येतो."