खिळ्यावरचा ब्रेक शू

वस्तादच्या गॅरेजात शिरलं की डाव्या भिंतीवर, पान्यांच्या रांगेच्या वर, एक ब्रेक शू खिळ्याला टांगलेला दिसायचा. अर्ध्या बांगडीच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा तुकडा. त्याच्या पाठीवर लायनर असतो, म्हणजे चाकाला आतून घासून गाडी थांबवणारा काळा पट्टा. या शूचा लायनर निम्मा उखडलेला होता. गिऱ्हाइकाने नुसतं विचारावं, "वस्ताद, तो बाहेरच्या देशातला स्वस्तातला माल चालेल का हो?" की वस्तादचा हात खिळ्याकडे गेलाच म्हणून समजा.

"हा बघा. नीट बघा. माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा खाल्लाय याने."

पाच वर्षांत शेकडो लोकांनी तो शू हातात घेऊन उलटसुलट पाहिला. वस्तादने तर तो किती वेळा पुसला असेल. आणि तरीही कुणाला काही दिसलं नाही. डोळे असून काय उपयोग, सांगा.

वस्ताद माणूस वाईट नव्हता. तीस वर्षांचा हात, गाडी रस्त्याच्या टोकाला असतानाच आवाजावरून दुखणं ओळखणारा. हात जेवढा झपाट्याचा तेवढीच जीभ फटकळ, एवढंच. मेहुणा गेल्यावर धाकट्या बहिणीला त्याने आपल्याकडे आणलं. गॅरेजच्या मागच्या खोलीत तिला शिलाई मशीन टाकून दिलं आणि ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवू लागली. दिवसभर इकडे पान्यांची खणखण, तिकडे मशीनची खडखड. दोघं कामापुरतं बोलायची. पण दादाने आपल्यासाठी जगाशी वैर घेतलं, हे ती कधी विसरली नाही.

वैर घेतलं ते लंगोटीयाराशी. समोरच त्याचं, पार्टवाल्याचं, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. शाळेत दोघं एका बाकावर, धंद्यात एका रस्त्यावर. पार्टवाल्याने तो स्वस्त माल आणला तेव्हा लपवाछपवी केली नव्हती. "कंपनीचा नाही. पण मी पारखून घेतलाय," म्हणाला होता. मेहुणा मोटरसायकलवरून बेकरीचा पाव पोचवायचा, त्याला स्वस्तातलंच हवं होतं. वस्तादने स्वतःच्या हाताने ते शू बसवले. नवव्या दिवशी गोदामाच्या उतारावर लायनर सुटला, चाकाच्या ड्रममध्ये अडकला, चाक जाम झालं आणि गाडी उभ्या ट्रकखाली गेली.

तेराव्या दिवसापर्यंतही वस्ताद थांबला नाही. तो शू घेऊन भर दुकानात गेला आणि तोंडाला येईल ते बोलला. बहीण दुकानाच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "तुमचं कधी चांगलं होणार नाही." दुकानाचं गिऱ्हाईक तुटलं, महिनाभरात शटर खाली आलं. पार्टवाला त्याच गोदामाच्या फाटकावर ट्रकचे नंबर लिहीत बसू लागला. त्याच उतारावर, बघा.

आणि परवा सकाळी हाच पार्टवाला आपली जुनी मोटरसायकल घेऊन गॅरेजच्या दारात उभा. मागच्या खोलीतली मशीनची खडखड थांबली.

"काय काम काढलंस?" वस्तादने मान वर न करता विचारलं.

"मागचा ब्रेक संपलाय."

"गावात मी एकटाच मेकॅनिक उरलोय काय?"

"नाही. पण हे तूच उघडायला हवंस." पार्टवाल्याने मागच्या चाकाकडे बोट केलं. "त्याच पाकिटातला माल आहे. दुकान बंद करताना शेवटची जोडी उरली होती, ती मीच माझ्या हाताने या गाडीला लावली. म्हटलं, आपण विकलं ते आपल्याही जिवावर बेतू दे. पाच वर्षं मुद्दाम दोन पोती लादून रोज तो उतार उतरलो. रोज वाटायचं, आज सुटणार. सुटलंच नाही रे. झिजून संपलं. माझं का सुटलं नाही, तेवढं सांग. पाचला येतो." आणि तो चालत निघून गेला.

वस्तादने तणतणतच चाक खोललं. आत दोन्ही शू होते, त्यांच्यावर खिळ्यावरच्या शूवर होता तोच शिक्का. लायनर कागदाइतका पातळ झालेला, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा. कुठे चीर नाही, कुठे पापुद्रा नाही. "एखादा नग चांगला निघतो," तो स्वतःशीच पुटपुटला.

मग कंपनीची नवी जोडी काढली. नवी जोडी अंमळ घट्ट बसते. वस्तादने सवयीने हातोडी घेतली आणि शूच्या कडेला एक टोला दिला. हे तो तीस वर्षं करत आला होता. तो शिकला तेव्हा लायनर रिव्हेट मारून बसवलेले असत, त्यांना टोला सोसायचा. आता ते गमाने चिकटवतात, टोल्याने तो गम आतून तडकतो. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हाताला कोण सांगणार? दुसरा टोला द्यायला हातोडी उचलली आणि ती तशीच राहिली.

शूच्या कडेला खूण उठली होती. नखाएवढी चंद्रकोर, एका टोकाला तुटलेली. त्याच्या हातोडीचा एक कोपरा कधीचा उडालेला होता.

खिळ्यावरचा शू काढायला त्याला स्टूल लागत नव्हतं, तरी त्या दिवशी हात पोचायला फार वेळ लागला. उजेडात धरला. लायनर जिथून उखडला होता, बरोबर तिथेच, कडेला, चंद्रकोर. एका टोकाला तुटलेली. मेहुण्याचे शू बसवले त्या दिवशी सहा गाड्या होत्या, तो घाई करत होता, आणि टोले दोन पडले होते की तीन, आता कोण सांगणार. कंपनीच्या मालाने तो मार सोसलाही असता कदाचित. पण पार्टवाल्याने शू विकला होता, मार विकला नव्हता.

ती जोडी त्याने भंगारात टाकली. दुसरी आणली, कानशीने कडा हळूहळू घासून, हाताच्या दाबाने बसवली. दहा मिनिटांच्या कामाला दुपार गेली.

पाचला पार्टवाला आला. "काही कळलं?"

"नशीब तुझं," असं म्हणायला वस्तादचं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बहीण मागच्या दारात येऊन उभी राहिली, हातात कात्री तशीच. पार्टवाल्याकडे न बघता म्हणाली, "दादा, यांना एकदा दाखव तो शू. माणसाला लाज वाटू दे."

वस्तादने शू पुढे केला. मग हातोडी पुढे केली. तुटका कोपरा त्या खाचेवर ठेवला, तो बरोबर बसला.

"तुझा माल चांगला होता," तो म्हणाला. "ठोकला मी."

पार्टवाला टायरांच्या चळतीवर बसला आणि तोंडावरून हात फिरवत राहिला. "पाच वर्षं मी त्या उतारावर बसतोय रे," एवढंच म्हणाला.

बहिणीने शू हातात घेतला, खाचेवरून अंगठा फिरवला आणि खिळ्याला परत अडकवला. मग आत जाऊन तिने कडी लावली. मशीनचा आवाज काही आला नाही.

"ब्रेक नवा घातलाय," वस्ताद म्हणाला. "हातोडी लावली नाही. शपथ."

पार्टवाल्याने मान हलवली. किल्ली घेतली, स्टँड काढला. पण गाडीवर बसला नाही. हँडल धरून ती ढकलत रस्त्यापलीकडे नेली आणि चौकातल्या दुसऱ्या गॅरेजसमोर उभी केली. तिथल्या मेकॅनिकला वाकून मागचं चाक दाखवताना तो वस्तादला दारातून स्पष्ट दिसत होता.