साहेबाच्या छातीवरचं पदक

वैशाखात नागपूरहून गोंदियाला निघालो, तेव्हा माझ्या पिशवीत दोन जोडी कपडे, एक भिंग, पातळ कागद आणि मऊ शिसाची पेन्सिल होती. सत्तावन्नच्या बंडाला शंभर वर्षं होत होती. दुकानांत त्यावरची नवी पुस्तकं येत होती, आणि गेल्या शतकातली नाणी, मोहरा, पदकं जमवणारे आम्ही चार-पाच मित्रही एक सचित्र पुस्तक काढायच्या खटपटीत होतो.

धनलाल पाटील मला अशाच एका दुकानात भेटले होते. सौंदडजवळच्या खेड्यातले पोवार शेतकरी. एक नवं पुस्तक चाळून ते दुकानदारावरच उखडले, "याच्यात आमच्या आज्याचं नाव काऊन नाही?" दुकानदार हसला. मी मात्र त्यांना चहाला घेऊन गेलो. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आजोबांनी तिकडच्याच प्रतापगडच्या डोंगरात इंग्रजांशी लढताना एका गोऱ्या साहेबाच्या छातीवरचं पदक हिसकावून आणलं होतं. ते अजून घरात होतं. "पोराचं लगन आहे. या जी, डोऱ्यानं पाहा. मंग तुमच्या पुस्तकात लिहा."

मी शाळेत इतिहास शिकवतो. अशा बोलावण्याला नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं.

गोंदियाला उतरलो तर फलाटावर सगळी हिंदी. हमालाला सौंदडची गाडी विचारली. "छोटी लाइन उधर है, बाबूजी. भागिए, छूट जाएगी." भागलो, आणि पाण्याची सुरई बाकावरच विसरलो. छोट्या गाडीत घशाला कोरड पडली. दोन्ही बाजूंना कापणी होऊन गेलेल्या धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं) भेगाळून पडल्या होत्या. मधूनच एखाद्या बोडीत (लहान तळ्यात) हिरवट पाणी दिसे, त्यात म्हशी बसलेल्या.

स्टेशनावर पाटील बैलगाडी घेऊन आले होते. सोबत त्यांच्याच वयाचा एक काळासावळा, उंच माणूस होता.

"हा मंगरू," पाटील म्हणाले. "गोंड आहे, पन माह्या भावासारका. याच्या आज्याले साहेबानं फाशी देल्ली. माह्या आज्यानं त्याचा बदला म्हनून ते पदक हिसकावलं. तवापासून आमच्या घरच्या नवरदेवाच्या गऱ्यात ते पदक मंगरूच्या घरचाच माणूस बांधते."

 मंगरूने माझी पिशवी उचलून गाडीत ठेवली.

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि तळ्यातले वाळवलेले झिंगे होते. मी मिटक्या मारत जेवलो. जेवणानंतर मांडवात सतरंजी पडली, गावातली माणसं जमली. पाटलांनी लाल कापडात गुंडाळलेलं पदक देव्हाऱ्यातून आणून माझ्या हातात दिलं.

चांदीचंच होतं. एका बाजूला राणीचा चेहरा. दुसऱ्या बाजूची अक्षरं दर लग्नात राखेने घासून पार झिजली होती, भिंगाखालीही लागेनात. मग मी त्यावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासू लागलो. काळ्या शिसात पांढरी इंग्रजी अक्षरं उठू लागली. पाटलांच्या आजोबांचं नाव दिसलं तेव्हा माझा हात थांबला. हिसकावून आणलेल्या पदकावर हिसकावणाऱ्याचं नाव कसं असेल? पुढच्या ओळी उमटल्या आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

"पाटील, जरा आत चला. बोलायचं आहे."

"आत कायले? इथंच सांगा. सगळ्यायले ऐकू द्या."

"अक्षरं पुसट आहेत. नागपूरला नेऊन नीट पाहतो."

"एवढ्या दुरून आले, अन् आता पुसट?" ते हसत होते. "मंगरूसमोर लाजून राहिले का? तो काही परका आहे?"

मी मंगरूकडे पाहिलं. तो खाली बघत होता. सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता. मी वाचलं: सरकारशी इमान राखून बंडखोरांना पकडून दिल्याबद्दल.

 पाटलांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, जणू ते आवरायचंच विसरले. मग मंगरू उठला, खांद्यावरचा शेला नीट केला आणि मांडवाबाहेर गेला. पाटील मागे धावले, "मंगरू! अबे मंगरू!" तो थांबला नाही.

परत आले ते माझ्या अंगावरच. "कायले आले जी तुमी आमच्या घरी?"

तुम्हीच बोलावलंत, हे ओठांवर आलं होतं. पण मी पदक पुन्हा लाल कापडात गुंडाळलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

लग्नाला थांबायचा प्रश्नच नव्हता. सकाळी पायीच स्टेशनावर आलो. वडाखाली मंगरू बसलेला दिसला. मला चुकवता आलं असतं, पण मी जवळ गेलो. तुमच्या आजोबांबद्दल वाईट वाटतं, तुम्हाला हे असं कळायला नको होतं, असं काहीतरी पुटपुटलो.

"कळलं?" तो म्हणाला. "आमाले पयलेपासून मालूम होतं, गुरुजी. माह्या बापानं मरताना सांगतलं. अन् सांगतलं का पाटलाच्या घरी जात राय. त्याच्या बापालेही मालूम होतं. म्हनून तं आमच्या हातानं बांधून घेत, गावाले शक नोको म्हनून."

"आणि धनलाल पाटलांना?"

"त्याले नाही. खरंच नाही." तो रुळांकडे वळला. "माह्या पोरीच्या लग्नात रडला तो. आता चार लोकांत बोलल्या गेलं. आता मी त्याच्या घरी पानी कसा पिऊ? गोंड काय म्हनतीन मले?"

 गाडी आली. तो उठला नाही, मीही हात हलवला नाही.

नागपूरला मित्र वाटच पाहत होते. कागद टेबलावर पसरला तसे सगळे त्यावर वाकले. एकाने माझी पाठ थोपटली. दुसरा म्हणाला, "अरे, नाव कोरलेलं पदक! आपल्या पुस्तकात याच्या तोडीचं दुसरं काही नाही. ते विकतील का, विचारलंस?"

नाही विचारलं, म्हणालो.

पुढे सौंदडकडचा एक ओळखीचा भेटला. लग्न झालं, पण नवरदेवाचा गळा मोकळाच होता, असं तो म्हणाला. पाटील स्वतः दोनदा मंगरूच्या दारात जाऊन बसले. दोन्ही वेळा मंगरू घरात होता, आणि दोन्ही वेळा त्याच्या बायकोने तो रानात गेल्याचं सांगितलं. मी मुलांना शिकवताना नेहमी म्हणत असे की खरं काय घडलं ते कळलं पाहिजे. अजूनही तेच म्हणतो, दुसरं काय म्हणणार? पण ते वाक्य आता मला मुलांकडे पाहून म्हणता येत नाही. फळ्याकडे तोंड करून म्हणतो.