बेल्जियमचं यीस्ट आणि शेजारची खाला

नवऱ्याला घरी बिअर करायचं वेड लागलं तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, बहारीनमध्ये आपल्यासारख्यांना दारू विकत मिळते, तुला माझं पातेलं कशाला हवं? पण ऐकेल तो नवरा कसला! नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही वसईचे, राहायला सनाबिसला, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मी हॉस्पिटलात नर्स, तो एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये. त्या हॉटेलात केक-पेस्ट्री करणारा शेफ बेल्जियमचा होता. तो कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने माझ्या नवऱ्याला आठवण म्हणून काय द्यावं? खोकल्याच्या औषधाएवढ्या बाटलीत तळाशी गाळ बसलेलं यीस्ट, आणि हॉप्स नावाच्या वाळलेल्या कडवट फुलांची एक पिशवी. ती बाटली माझ्या फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी येऊन बसली. बाळाची काळजी घ्यावी तशी नवरा तिची घ्यायचा.

शेफने जाता जाता तीन तऱ्हा सांगून ठेवल्या होत्या. एक भाजलेल्या धान्याची, काळी. एक गव्हाची, धने आणि संत्र्याची साल घालून. तिसरी अगदी साधी, बेकरीत पावाला घालतात ते माल्टचं सिरप, पांढरी साखर आणि थोडे हॉप्स. यीस्ट एकच, तेव्हा पाककृतीही एकच निवडायची होती. नवऱ्याचं मन काळीवर. वर आमच्या नाताळच्या वाइनसारखी त्यात दालचिनी आणि लवंग घालायची होती त्याला. मी बाटलीचं बूच काढून वास घेतला. पिकलेलं केळं, आणि त्याच्या मागोमाग चक्क लवंग. म्हटलं, अरे शहाण्या, ताज्या पापलेटला कोणी गरम मसाला फासतं का? ज्याला स्वतःची चव आहे त्याला मीठ-हळद लावून गप्प बसायचं. या यीस्टला साधीच तऱ्हा शोभेल. त्याला पटलं, आणि मी केवढी फुशारले! म्हणजे पाककृती निवडली ती मीच, हे आधी सांगून टाकते.

समोरच्या दारात रत्नागिरीकडची एक खाला, म्हणजे मावशी, राहायची. पन्नाशीची, पाच वेळची नमाजी, नवरा मनामात कापडाच्या दुकानात. आमच्या घरात क्रूस, तिच्या घरात काबाचं चित्र, पण माझी नाइट ड्युटी असली की माझ्या नवऱ्याचं जेवण तिच्याकडून यायचं. मला ताप आला तेव्हा उशाशी बसली होती ती. तिला या उद्योगाचा वासही लागू नये असं मला वाटायचं. भीती तर होतीच, घरी केलेली सापडली तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास. पण भीतीपेक्षा लाज जास्त होती. म्हणून ती हमद टाउनला बहिणीकडे गेली त्या दिवशी आम्ही खिडक्या लावून सगळं उकळलं आणि निवल्यावर यीस्ट घातलं.

शेफने एक बजावलं होतं. हे यीस्ट खादाड आहे, झोपलंय असं वाटतं पण खातच असतं, बाटल्या भरायची घाई करू नका. आमची तर सुट्टीची तिकिटं हातात. उन्हाळ्यात महिनाभर गावी जायचं होतं. फेस बसलेला दिसला आणि नवऱ्याने बाटल्या भरल्या, गॅस यावा म्हणून वर चमचा चमचा साखर, झाकणं घट्ट. आतल्या खोलीत कपाटाखाली रांग लावली आणि तिथला एसी चालू ठेवला.

एसी चालू ठेवलाय हे त्याने मला सांगितलं नाही, की सांगितलं आणि मी ऐकलं नाही, यावर आम्ही अजून भांडतो. गावी जाताना आम्ही सगळेच जे करतो ते मी केलं. फ्रिज रिकामा केला, दार उघडं राहावं म्हणून फटीत कागद घातला, सिलिंडर बंद केला. टॅक्सी खाली उभी, नवरा बॅगा घेऊन उतरलेला. कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायला खालाकडे चावी दिली. आणि निघता निघता सवयीने मेन स्विच खाली ओढला. बहारीनचा जुलै, बंद घर.

परत आलो तेव्हा दार उघडल्याबरोबर उदाचा वास आला. फरशी लख्ख. नवरा धावत आतल्या खोलीत गेला आणि तसाच कपाटासमोर खाली बसला. एकही बाटली नव्हती. काचेचा तुकडासुद्धा नव्हता. एवढ्यात खाला भात आणि सुरमईचं कालवण घेऊन दारात उभी. प्रवासातून आलेल्या माणसाने चूल पेटवायची नाही, असं तिचं नेहमीचं. उजव्या हाताला ओढणीचा तुकडा गुंडाळलेला.

मी तिला तिच्या घरी नेलं, फडकं सोडलं. तळव्यावर लांब चीर होती, टाके पडायला हवे होते, तशीच वेडीवाकडी भरत आली होती. म्हटलं, खाला, माझ्या हॉस्पिटलात का नाही गेलीस? म्हणाली, कसा कापला विचारलं असतं तर काय सांगायचं होतं?

मग तिने हळूहळू सांगितलं. एका दुपारी फटाके फुटल्यासारखा आवाज झाला. ती चावी घेऊन आत गेली तर काचा उडत होत्या आणि दाराखालून पाणी जिन्यात चाललं होतं. वास ओळखायला वेळ लागला नाही. बादली घेऊन गुडघ्यांवर बसली आणि सगळं पुसलं, काचा वेचल्या, उरलेल्या बाटल्या मोरीत ओतल्या. जन्मात जिने त्या वस्तूला बोट लावलं नव्हतं, तिचे कपडे भिजले होते. तेवढ्यात घरमालक खाली आल्याचं ऐकू आलं. तिने आपल्या घरातली सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली आणून जिन्यावर उपडी केली आणि त्याला सांगितलं, माझा लोणच्याचा सिरका सांडला. तो तिला मानायचा. मान हलवून निघून गेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मलम लावत होते. नवरा माफी मागायला दारात येऊन उभा होता. मी म्हटलं, खाला, आम्ही तुला कुठे नेऊन ठेवलं गो! ते खरं म्हणजे...

तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"थांब. मी त्याला सिरका म्हणून सांगितलंय. आजवर कुणाशी खोटं बोलले नाही. आता तू मला सांग, काय होतं ते?"

आधी मला कळलंच नाही. तिला सगळं माहीत होतं. मग तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि कळलं. तिला खरं नको होतं. मी, ज्या घरची ती वस्तू होती त्या घरची बाई, तिला सिरका म्हणणार होते. म्हणजे तिचं बोलणं खोटं राहणार नव्हतं, निदान अर्धं तरी माझ्या माथी येणार होतं. माफी मागायला मिळाली असती तर मी सुटले असते. तिने मला सुटू दिलं नाही, आणि तो तिचा हक्कच होता.

"सिरकाच होता, खाला," मी म्हटलं.

"इंशाल्ला," ती म्हणाली. मी पट्टी बांधली. मग ती उठली, पट्टी भिजू नये म्हणून तो हात वर धरून एका हाताने वजू करू लागली, नमाजाआधी हात-तोंड धुतात ती. मी नळ धरून उभी राहिले.