मर्डिनाबाईंचा गुरुवार

आमच्या बेटावर धुकं पाहुण्यासारखं येत नाही, घरजावयासारखं राहतं. त्या धुक्यात, लोकरीच्या दुकानावरच्या खोलीत बसून मर्डिनाबाई आमदारांचे प्रश्न लिहितात. थोरलं सरकार लंडनला. आमचं घरचं ते धाकटं. आमदारानं लेखी प्रश्न टाकला की धाकट्याला दहा कामकाजी दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. प्रश्नाखाली नाव टॉर्क्विल आमदारांचं असतं, अक्कल बाईंची.

बाईंची थोरली बहीण एफी पैलतीरावर वृद्धाश्रमात आहे. गुरुवारची सरकारी बोट सकाळी न्यायची, संध्याकाळी आणायची. दोन वर्षांपूर्वी ती ‘तात्पुरती’ बंद झाली. उरली एकच, शनिवारी जाऊन रविवारी परतणारी. आणि रविवार देवाचा; त्या दिवशी बाई दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत, तर बोटीत कुठून बसणार! तिकडे एफी एकेक माणूस विसरत चालली होती.

बाईंनी पहिला प्रश्न लिहिला : बोट का बंद केली आणि पुन्हा कधी सुरू होणार? उत्तर आलं, ‘खलाशांची टंचाई आहे.’ पुढचं गुलदस्त्यात.

“एका प्रश्नात दोन बटाटे पुढं ठेवलेत तर सरकार लहानच उचलणार,” मी धक्क्यावरच्या माझ्या तिकीटखिडकीतून म्हणालो.

“तू तिकिटं फाड, पोरा.”

दुसरा प्रश्न : कधी सुरू होणार? ‘योग्य वेळी.’ तिसरा : योग्य वेळ कोणती? ‘सदस्यांनी मागील उत्तर पाहावे.’

बाई धक्क्यावरच्या बाकावर येऊन बसायच्या. धुक्यात पाणी कुठं संपतं ते कळत नसे, आणि पैलतीर कुणी नुसता सांगितलेला असावा तसा वाटे. एका गुरुवारी तिथंच त्यांचा डोळा लागला. जाग आली ती हसण्यानं.

“कोण रे ते?”

“खलाशी,” मी खिडकीतून म्हणालो. “पत्ते खेळतायत.”

“कुठं?”

“बोटीवर. दर गुरुवारी असतात की.”

बाई उठल्या. धुक्यात हात घालावा तसा हात पुढं करत गेल्या, आणि बांधलेल्या बोटीचा ओला दोर त्यांच्या हाताला लागला.

चौथा प्रश्न एका ओळीचा होता : गेल्या दोन वर्षांत कोणकोणत्या गुरुवारी बोट खलाशांसह धक्क्याला उभी होती? तारखा द्याव्यात.

“एवढंच?” टॉर्क्विल म्हणाले. “जरा झापू या की!”

“झापलंत तर मंत्री भाषण करतील. तारखांवर भाषण करता येत नाही.”

नवव्या दिवशी उत्तर आलं : तीन पानं, नुसते गुरुवार. उत्तरं सगळ्यांना वाचता येतात. वर्तमानपत्रानं ती तीन पानं जशीच्या तशी छापली. महिन्याभरात बोट सुटली.

पहिल्या गुरुवारी बाई खिडकीशी आल्या, चांगला कोट घालून. “परतीचं दे. आजचंच.”

संध्याकाळी उतरल्या तेव्हा मी चेष्टा करायचं विसरलो.

“ओळखलं एफीबाईंनी?”

“नाव नाही आठवलं. हात धरून म्हणाली, हे गार हात आमच्या घरचे. मग विचारलंन, इतके दिवस का आली नाहीस?”

“काय सांगितलंत?”

बाईंनी परतीचं तिकीट माझ्या हातात दिलं. “काय सांगणार? म्हटलं, मागील उत्तर पाहावे.” आणि हसता हसता डोळे पुसले.