पाटलाचं पान शेवटी

आश्रुबा पाटलांना घाबरायला फार काही लागत नसे. कचेरीचा सवार वेशीत दिसला की त्यांना तहान लागायची आणि सवार पुढच्या गावाला गेला की भूक. असला माणूस पोलीस पाटील कसा झाला, असं विचारण्यात अर्थ नव्हता. आजा पाटील, बाप पाटील, म्हणून हेही पाटील. पागोटं डोक्याला बसो न बसो, बांधावं लागतं. आणि अशा माणसाच्या पदरात देवानं केशरबाई टाकली!

गाव आष्टी तालुक्यात, पण अगदी काठावर. खालच्या अंगाला एक ओढा होता. ओढ्याच्या अलीकडे निजामाचं राज्य, म्हणजे लोकांच्या तोंडी मोगलाई, आणि पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा. म्हशींना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्या रोज दोन्ही राज्यांत चरून यायच्या. केशरबाईचं माहेर पलीकडचं. एकोणीसशे तीस साली ती संक्रांतीला म्हणून माहेरी गेली आणि आईच्या आग्रहानं चार दिवस जास्तच राहिली. तिचा धाकटा भाऊ शहादेव तेव्हा काँग्रेसच्या कामाला लागला होता. एका सकाळी त्यानं देवळापुढे झेंडा लावला, साऱ्या गावानं हात पुढे करून स्वातंत्र्याची शपथ घेतली आणि दुपारी घरी पुरणाची पंगत बसली.

पंगतीचा रिवाज आपल्याकडे कुणाला सांगायला नको. वरच्या टोकाला मानकरी, खालच्या टोकाला सालगडी, मेंढके, आला-गेला. तूप वरून निघतं ते खाली पोचेपर्यंत तांब्या निथळून जातो. त्या दिवशी आई सवयीनं वरच्या टोकाकडे निघाली, तर शहादेवनं तिचा हात धरला आणि तिला खालच्या टोकाला नेलं. “आजच्या दिवशी हितून सुरू कर, माय.” मग केशरबाईनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं की मेंढक्याच्या पोळीवर तुपाची धार पडते आहे आणि तिच्या बापाच्या पोळीवर उरलेसुरले चार थेंब. बाप हसत होता. मेंढक्याला काय करावं ते कळत नव्हतं. शपथेचे शब्द तिच्या डोक्यात राहिले नाहीत, पण हे मात्र असं बसलं की पुन्हा निघालं नाही.

निघताना तिनं आईला विचारलं, “आजची तिथी कोन्ती गं?”

“पौष वद्य द्वादशी,” आई म्हणाली.

आणि इथंच सगळा घोटाळा झाला. हा दिवस इंग्रजी तारखेनं, सव्वीस जानेवारीला धरायचा, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं असं कुणाच्या मनातही आलं नाही. तिच्या हिशेबात तारीख असते कोर्टाची, सण असतो तिथीचा. पाडवा तिथीनं, जत्रा तिथीनं, बापजाद्यांची श्राद्धं तिथीनं. मग मुलखाचाच सण तेवढा तारखेनं कसा येईल?

पुढच्या वर्षी पौष वद्य द्वादशीला आश्रुबांना पहाटेच पुरण शिजल्याचा वास आला आणि त्यांची झोप उडाली. “आगं, आज काय हाय?”

“मुलखाचा सण.”

पाटलांना तहान लागली. “खुळी का काय तू? पलीकडचं ते पलीकडं. हिकडं झेंड्याला बंदी हाय. माझ्या नावानं हुकूम आलाय.”

“झेंडा कुठं लावते मी? माझ्या घरात पोळ्या लाटते. निजाम सरकारनं पोळ्या बंद केल्यात का?”

पाटलांनी आशेनं आईकडे पाहिलं. भिवराबाई म्हणजे घरातलं हायकोर्ट. त्यांनी सुनेला विचारलं, “कोन्त्या देवाचा सण म्हनायचा हा?”

“मुलखाचा, आत्याबाई.”

“तिथी हाय का त्याला?”

“हाय की. पौष वद्य द्वादशी.”

“मग हाय सण,” भिवराबाई म्हणाल्या आणि डाळ वाटायला बसल्या. हायकोर्टाचा निकाल लागला.

केशरबाईची ती पंगत पाहण्यासारखी असायची. पळसाची पानं ती आधीपासून दगडाखाली दाबून सपाट करून ठेवी आणि पत्रावळी स्वतः टाचत बसे. ओसरी सारवायची, दोरी धरून पाट मांडायचे, प्रत्येक पानाभोवती रांगोळी. पानाच्या माथ्यावर मीठ, डावीकडे चटणी, लिंबू आणि कोवळ्या हरभऱ्याची कोशिंबीर, उजवीकडे वांग्याची भाजी, मधे भाताची मूद. खालच्या टोकाची रांगोळी वरच्या टोकापेक्षा जरा फिकी वाटली तर पुसून पुन्हा काढायची. हात मोठा सुबक बाईचा, आणि त्या दिवशी तर ती सगळा जीव ओतायची.

मेंढ्या राखणारा बंकट खालच्या टोकाचा. पहिल्या वर्षी तो घास उचलेना. आपलं पान भरलेलं आणि पाटलांचं रिकामं, हे बघून त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. केशरबाई त्याच्यापुढे तुपाचा तांब्या घेऊन थांबली. “खा, बाबा. आज तुझ्यापासनं सुरवात हाय.”

भिवराबाईंना मात्र हे पटलं नाही. “पाटलाचं पान शेवटी? कोन्त्या शास्त्रात हाय?” पण सण तिथीचा होता, म्हणून त्या गप्प बसल्या. खुद्द पाटलांच्या पोळीवर तूप आलं ते वास घेण्यापुरतं. पहिल्या वर्षी ते मनात कुरकुरले. दुसऱ्या वर्षी सवय झाली. तिसऱ्या वर्षी थंड झालेली भाजी चावता चावता त्यांच्या डोक्यात आलं, की बंकट बाकीचं सगळं वरीस असंच जेवतो. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण त्यानंतर रोजच्या जेवणातही त्यांची नजर खालच्या टोकाला जायला लागली.

आता अमीनसाहेबांचं ऐका. आष्टीचे पोलीस अमीन, म्हणजे तिकडचे फौजदार, दरसाल सव्वीस जानेवारीला काठावरच्या गावांतून फिरायचे. ओढ्यापलीकडे झेंडे लागायचे, गाणी व्हायची, आणि पाटलीणबाई तर पलीकडचीच, शिवाय भाऊ सत्याग्रही. तेव्हा उन्हं कलली की साहेब पाटलांच्या ओसरीवर चहाला टेकायचे आणि चहा पिता पिता चुलीकडे वास घ्यायचे. पण पौष वद्य द्वादशी एका वर्षी आधी येऊन गेलेली, तर एका वर्षी अजून यायची असे. साहेबांना दिसायची ती जोंधळे पाखडणारी केशरबाई आणि अंगणात गोवऱ्या. “पाटील, तुमचं घर एकदम साफ,” असं म्हणून ते घोड्यावर बसायचे.

आश्रुबांना बायकोचं असं कौतुक वाटायचं की विचारू नका. सरकारला बरोबर चकवते! एका वर्षी आधी, एका वर्षी मागाहून! एवढी अक्कल आपल्याला जन्मात सुचली नसती, असं ते स्वतःशीच म्हणायचे. तिला विचारण्याची गरज त्यांना कधी वाटली नाही.

असं चालत चालत एकोणीसशे चौतीस साल आलं. शहादेव तुरुंगातून नुकताच सुटला होता. सव्वीस जानेवारीच्या सकाळी तो ओढा ओलांडून बहिणीच्या दारात उभा राहिला. गालफडं बसली होती, पण डोळे तसेच हसरे. केशरबाईनं पायावर पाणी घातलं आणि रडून घेतलं.

“आक्का, पंगतीची तयारी दिसत न्हाई,” तो म्हणाला.

“पंगत तर संक्रांतीच्या आदीच झाली की! तुझी लई वाट बघितली.”

“आदी कशी? सण तर आज हाय. सव्वीस जानेवारी.”

“आज? आज तर एकादशी.”

मग सगळा उलगडा झाला. शहादेव आधी हसत सुटला, पण बहिणीचा चेहरा बघून त्याचं हसू तिथंच थांबलं. केशरबाई खांबाला टेकून बसली होती. साऱ्या देशानं ज्या दिवशी हात पुढं केला, त्या दिवशी आपण जोंधळे पाखडत होतो, अन् तेही वर्षानुवर्षं! आश्रुबांना दुसराच धक्का बसला. म्हणजे चकवणं वगैरे काही नव्हतंच. बाई सरळ होती, सरकारही सरळ होतं, फक्त पंचांग वेगळं होतं.

“झालं ते बेसच झालं,” ते घाईघाईनं म्हणाले. “आपली द्वादशीच बरी. कुनाच्या डोळ्यावर येत न्हाई. साहेब यायचेत आज. शहादेव, तू बी निघ, बाबा. तुला हितं बघितलं तर माझी पाटीलकी जाती.”

केशरबाई उठली. “सणाला आल्याला भाऊ जेवल्याबिगर जायचा न्हाई. अन् चुकलं ते आज कळलंय, तर आजच करायचा.”

“आगं पन एकादशी!”

पुन्हा सगळे भिवराबाईंकडे बघायला लागले. त्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी मणी ओढले. मग म्हणाल्या, “सण एकादशीला आला तर उपासाचा सण. पुरन उद्या, पारन्याला.”

झालं. घटकाभरात ओसरी सारवली, पाट लागले, रांगोळी उमटली. मिठाच्या जागी शेंदेलोण, भाताच्या जागी भगरीची मूद, आमटी शेंगदाण्याची, भाजीच्या जागी रताळ्याच्या फोडी, कोशिंबिरीच्या जागी दही आणि वर टपोरी बोरं. उपासाचं पान इतकं देखणं मांडता येतं हे भिवराबाईंनाही ठाऊक नव्हतं. आश्रुबा मुकाट्यानं वरच्या टोकाला जाऊन बसले. एक कान वेशीकडे होता.

आणि त्या वर्षी साहेब दुपारीच आले.

घोडा अंगणात थांबला तेव्हा बंकटच्या पानावर भगर पडली होती. साहेबांनी रांगोळ्या बघितल्या, पाट बघितले, शहादेवला बघितलं. “क्या है पाटील, आज काय मोठा सण?”

“एकादशी हाय, साहेब,” आश्रुबांच्या तोंडून निघून गेलं. आणि ते खोटंही नव्हतं.

साहेबांनी पानं न्याहाळली. भगर, रताळी, शेंगदाणे. मान डोलावली. एवढी वर्षं या मुलखात काढलेल्या माणसाला उपासाचं पान ओळखू येत होतं. ते वळणार एवढ्यात त्यांचे डोळे पंगतीवर ठरले. मेंढक्याचं पान भरलेलं, सालगड्याचं भरलेलं, आणि गावच्या पाटलाचं पान कोरडं ठणठणीत.

“एकादशीला पाटलाच्या आदी मेंढका जेवतो?” त्यांनी हळू विचारलं.

साहेब माणूस वाईट नव्हते, नोकरी तशी होती. ते आश्रुबांजवळ आले. “पाटील, हा पाव्हणा कोण ते मला ठाऊक आहे. तो आत्ता ओढ्यापार जाईल, अन् मी एकादशी लिहितो. तुमी फक्त हो म्हना.”

सगळी पंगत थांबली होती. एकटी केशरबाई थांबली नव्हती. ती वाकून एकेका पानावर आमटी वाढत वर सरकत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. रागानं नाही आणि विनवणीनंही नाही. हो म्हटलं तरी ती एका शब्दानं बोलणार नाही, हे आश्रुबांना पक्कं ठाऊक होतं. तिनं त्यांना कधी शूर समजलंच नव्हतं आणि तरी कधी कमीही लेखलं नव्हतं. त्यांना तहान लागली.

“एकादशी लिवू नका, साहेब,” ते म्हणाले. “एकादशीला पाटलाचं पान शेवटी नसतं. आज आमच्या मुलखाचा सण हाय. हा माझा मेव्हणा हाय. तसंच लिवा.”

साहेब पाणीही न घेता निघून गेले. केशरबाई वाढत वाढत वरच्या टोकाला पोचली. भगर संपत आली होती, तळाची खरवड उरली होती. तिनं तीच नवऱ्याच्या पानावर घातली आणि दह्याचं भांडं आणायला वळली.

पाटीलकी गेली. उन्हाळ्याच्या आत ती चुलतभाऊ बबनरावाकडे गेली आणि शहादेवला मोगलाईत पाऊल टाकायची बंदी झाली. भिवराबाई पागोट्यासाठी पुष्कळ रडल्या. पण पौष वद्य द्वादशी आली तशी त्यांनी डाळ भिजत घातली. धरलेला सण टाकत नाहीत, म्हणाल्या. तेव्हापासून त्या घरात मुलखाचा सण वर्षातून दोनदा व्हायला लागला, एकदा तिथीनं आणि एकदा तारखेनं.

बबनरावाला मात्र चैन पडेना. एकदा शेताच्या बांधावर त्यानं आश्रुबांना गाठलंच. “का रं? साहेब सवताच्या तोंडानं एकादशी लिवतो म्हनला. तुला नुसतं हो म्हनायचं होतं.”

आश्रुबांनी थोडा विचार केला. “मी हो म्हनलो असतो, तरी तिनं मला वाढलंच असतं,” ते म्हणाले. “बंकटाला वाढलं तेवढ्याच मायेनं. मला ते गिळवलं नसतं.”